ब्रेस्ट पंप, विमा आणि मेडिक्लेमची सवय

अमेरिकेतल्या मराठी घरात बाळाची चाहूल लागली की ब्रेस्ट पंपाविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘इथे विम्यातून सगळे फुकट मिळते, हवा तो पंप घ्या.’ दुसरे, बहुधा भारतातून फोनवर आलेले, ‘बाळंतीण काही आजारी नाही, असल्या वस्तूला कसला आलाय विमा?’ दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. विमा म्हणजे कंपनीच्या मर्जीचा मामला, ती देईल तर देईल, नाहीतर नाही, ही ती समजूत. मेडिक्लेमने ती आपल्या हाडीमाशी मुरवली आहे. आधी ॲडमिट व्हायचे, बिलांच्या चिठोऱ्या जपायच्या, टीपीएकडे फाइल द्यायची आणि किती रक्कम कापली जाते याची वाट पाहायची. भारतीय विमा नियामकाने रुग्णालयाच्या बिलातून वगळता येण्याजोग्या वस्तूंची जी यादी केली, तिची सुरुवातच बाळाचे खाणे आणि बाळासाठी लागणाऱ्या वस्तू यांनी होते. अशा व्यवस्थेत वाढलेल्या माणसाला पंपाचा खर्च विमा उचलतो हे एकतर खोटे वाटते किंवा लॉटरी लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र तो कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो, हे आधी कळायला हवे.

राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी ज्या अफोर्डेबल केअर ॲक्टवर सही केली, त्यात एक तरतूद अशी आहे की काही प्रतिबंधात्मक सेवांसाठी विमाधारकाकडून एक डॉलरही वेगळा घ्यायचा नाही. लसी, रक्तदाबाची तपासणी, मॅमोग्राम या सगळ्या त्यात येतात. स्त्रियांसाठी आणखी कोणत्या सेवा यात घालायच्या, हे ठरवण्याचे काम हेल्थ रिसोर्सेस अँड सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी यंत्रणेकडे आले. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने २०११मध्ये शिफारशी केल्या, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यादी निघाली आणि १ ऑगस्ट २०१२पासून सुरू होणाऱ्या विमा-वर्षांना ती लागू झाली. या यादीत स्तनपानासाठीचा सल्ला, मदत आणि उपकरणे आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत ब्रेस्ट पंप मॅमोग्रामच्या आणि लसींच्या पंक्तीत बसतो, मोडलेल्या हाडाच्या प्लास्टरच्या नव्हे. आजार झाल्यावर भरपाई द्यायची म्हणून तो दिला जात नाही. पुढे आजार होऊ नये म्हणून दिला जातो. एवढे एक सूत्र हाती धरले की बरेचसे गैरसमज आपोआप सुटतात.

उदाहरणार्थ, डिडक्टिबलचा गैरसमज. वर्षाचे पहिले दोन-तीन हजार डॉलर स्वतः भरल्याशिवाय विमा सुरूच होत नाही, असे प्लॅन आयटीतल्या मंडळींकडे सर्रास असतात. म्हणून जानेवारीत बाळ होणार असेल तर ‘डिडक्टिबल अजून भरले नाही, पंप स्वतःच घेऊ’ असा हिशेब केला जातो. तो चुकीचा आहे. प्रतिबंधात्मक सेवा नेटवर्कमध्ये घेतली तर तिला डिडक्टिबलही लागत नाही आणि को-पेही लागत नाही. दुसरा गैरसमज असा की पंप नोकरी करणाऱ्या बाईलाच मिळतो. नवरा एच-१बी व्हिसावर, त्याच्या कंपनीच्या विम्यात बायकोचे नाव आणि ती घरी, अशा घरात हा समज फार दिसतो. ‘मी तर घरीच असते, मला कोण देणार?’ वास्तविक कायदा नोकरीबद्दल काही विचारत नाही. विम्यात नाव आहे आणि बाळ अंगावर पिते किंवा पिणार आहे, एवढे पुरे. तिसरा समज म्हणजे आधी हाताने चालवायचा पंप वापरून बघायचा, तो जमत नाही हे सिद्ध करायचे, मग विजेवरचा मागायचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत काही विमा कंपन्या असे अडवत असत. पण २०२१च्या अखेरीस सुधारलेल्या आणि २०२३च्या विमा-वर्षांपासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी त्याचा निकाल लावला. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दूध काढणाऱ्या विजेच्या पंपाला प्राधान्य द्यावे आणि त्यासाठी हातपंपाच्या अपयशाची अट घालू नये, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. पंपाचे सुटे भाग, देखभाल आणि दूध साठवण्याचे साहित्यही त्यांत नावानिशी आले आहे.

आता ‘हवा तो पंप फुकट’ या समजाकडे. कायद्याने उपकरण दिले, पण ब्रँड दिला नाही. कोणता पंप, भाड्याने की कायमचा, प्रसूतीच्या आधी की नंतर, याचे तपशील ठरवण्याची मुभा प्लॅनला आहे. शिवाय ‘खिशाला हात नाही’ हे वचन नेटवर्कपुरतेच आहे. व्यवहारात सर्वांत जास्त माणसे इथेच फसतात. दुकानात किंवा ऑनलाइन बाजारात सवलत दिसते, पंप विकत घेतला जातो आणि मेडिक्लेमच्या सवयीने पावती विमा कंपनीला पाठवली जाते. मग नकार येतो. इथली रीत उलटी आहे. डॉक्टर किंवा मिडवाइफकडून प्रिस्क्रिप्शन घ्यायचे, विमा कंपनीच्या नेटवर्कमधल्या वैद्यकीय उपकरणांच्या पुरवठादाराकडे आपला विमा क्रमांक द्यायचा आणि क्लेम त्यालाच करू द्यायचा. त्याच्याकडे काही पंप शून्य खर्चात मिळतात, तर काहींवर ‘अपग्रेड’ म्हणून फरक भरावा लागतो. कपड्यांच्या आत बसणाऱ्या, वायर नसलेल्या पंपांवर तो बऱ्याचदा लागतो. हा फरक मागणे म्हणजे फसवणूक नव्हे, मात्र शून्य खर्चाचा एकही चांगला पर्याय न दाखवता थेट अपग्रेडच्या पानावर नेणे ही चलाखी जरूर आहे.

काही आठवड्यांनी विमा कंपनीकडून जो कागद येतो, त्याला एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स म्हणतात. त्यावर ठळक अक्षरांत ‘हे बिल नाही’ असे छापलेले असते, म्हणून बहुतेक जण तो न वाचताच ठेवून देतात. तो वाचावा. एका रकान्यात पुरवठादाराने लावलेली किंमत असते, दुसऱ्यात विम्याने दिलेली रक्कम आणि शेवटच्यात तुमच्या वाट्याला आलेली. शेवटच्या रकान्यात शून्य नसेल तर आधी कोड पाहायचा. हाताने चालवायच्या पंपाचा कोड ई०६०२, घरगुती विजेच्या पंपाचा ई०६०३ आणि रुग्णालयात असतो तशा दणकट पंपाचा ई०६०४. हा शेवटचा पंप सहसा भाड्यानेच मिळतो आणि त्यासाठी वैद्यकीय कारण दाखवावे लागते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असून नवजात अतिदक्षता विभागात आहे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. साधा पंप दिला असताना चुकून या कोडने क्लेम गेला तर नकार येतो, आणि पुरवठादाराला एक फोन केला की प्रकरण मिटते.

प्रत्येक ‘विमा’ या कायद्याखाली येतो असेही नाही. आपल्या लोकांना त्याचा फटका जास्त बसतो. नोकरीतून मिळणारा विमा येतो, मग कंपनी स्वतःच्या तिजोरीतून क्लेम देत असो वा विमा कंपनीकडून विकत घेत असो. सरकारी मार्केटप्लेसवरून घेतलेलाही येतो. पण २३ मार्च २०१०च्या आधीपासून चालत आलेले आणि फारसे न बदललेले जुने प्लॅन सुटतात, अल्पमुदतीचे प्लॅन सुटतात आणि पाहुणे म्हणून येणाऱ्यांचा प्रवासी विमा तर पूर्णच वेगळ्या जातीचा. ‘ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे ना’ या भरवशावर बाळंतपणाचे बेत आखणे धोक्याचे. विद्यापीठामार्फत मिळणारे विद्यार्थी विमे बहुधा कायद्याच्या चौकटीत असतात, मात्र बाहेरून घेतलेले स्वस्त आंतरराष्ट्रीय विद्यार्थी प्लॅन बऱ्याचदा नसतात. हप्ता इतका कमी का, याचे उत्तर अशा वेळी कळते. गरीब कुटुंबांसाठीच्या मेडिकेडमध्ये नियम राज्यागणिक बदलतात.

पंपासोबतच्या बाकी वस्तूंचे काय? पंपाचे फनेल, नळ्या, झडपा, पातळ पडदे हे झिजणारे भाग आहेत. झडप सैल झाली की ओढ कमी होते, दूध कमी येते आणि आईला वाटते की आपलेच दूध आटले. म्हणून हे भाग बदलून मिळणे चैनीचे नाही. फनेलचे मापही सर्वांना एकच बसत नाही. खोक्यात सहसा २४ मिलिमीटरचे असते, ते दुखत असेल तर दुसरे माप मागावे. याउलट स्तनपानाच्या ब्रा, पॅड, उशी, पोटाचा पट्टा यांची हमी कायदा देत नाही. पट्टा किंवा दाबाचे मोजे काही प्लॅन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देतात, बाकी भार आपल्यावर. अळिवाचे लाडू तर कुठल्याच खात्यात बसत नाहीत. करखात्याने फेब्रुवारी २०११मध्ये पंप आणि दूध येण्यास मदत करणारे साहित्य हा वैद्यकीय खर्च मानला, त्यामुळे नेटवर्कबाहेर झालेला खर्च किंवा अपग्रेडचा फरक करमुक्त एचएसए अथवा एफएसए खात्यातून भरता येतो. दूध साठवायच्या जादा बाटल्या मात्र त्यात चालत नाहीत, असेही करखात्याने लिहून ठेवले आहे. नणंदेचा किंवा मैत्रिणीचा पंप धुऊन वापरण्याची काटकसर आपल्याकडे स्वाभाविक वाटते. पण अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन एकाच व्यक्तीसाठी बनवलेला पंप दुसरीने वापरू नये असे सांगते, कारण दुधाचे कण आणि ओल आत शिरली तर वरून धुऊन ती निघत नाही. पंप विम्यातून मिळत असताना ही जोखीम घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाळंतपणात पुन्हा पंप मिळत नाही हा समजही बहुधा खोटा ठरतो, कारण बरेच प्लॅन प्रत्येक गरोदरपणाला एक पंप देतात.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. मूल तुमचे, दूध तुमचे, मग पंपाचा खर्च सगळ्यांच्या हप्त्यात का? उत्तर पुन्हा प्रतिबंधात आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे सांगते, आणि २०२२पासून दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान करणाऱ्या आयांना पाठबळ द्यावे असेही. स्तनपानाने बाळाचे जुलाब आणि कानाचे संसर्ग कमी होतात, आईला स्तनांचा व बीजकोशाचा कर्करोग होण्याचा धोका घटतो. हा पैसा आज पंपाला दिला नाही तरी उद्या त्याच सामाईक गल्ल्यातून आजारपणाला जाणारच. दुसरा आक्षेप याहून बोचरा आणि मला अधिक पटणारा आहे. अमेरिकेने आईला रजा दिली नाही, म्हणून यंत्र दिले. १९९३च्या कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांत बारा आठवडे रजा मिळते, तीही पात्र असाल तर आणि बिनपगारी. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा राज्यांनी पगारी रजेची सोय केली, पण देशभर ती नाही. भारतात २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कक्षेतल्या नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. पंप हा रजेचा पर्याय नाही, हे मान्यच. पण रजा नाही म्हणून पंपही नको, असा त्याचा अर्थ होत नाही. २९ डिसेंबर २०२२ रोजी आलेल्या पंप ॲक्टने बहुतेक कर्मचारी स्त्रियांना बाळ वर्षाचे होईपर्यंत दूध काढायला वेळ आणि बाथरूम सोडून दुसरी खासगी जागा देणे बंधनकारक केले. जागा आणि वेळ असूनही यंत्र नसेल तर तो कायदा कागदावरच राहील.

शेवटी नकाराविषयी. पंपाच्या मानाने लॅक्टेशन कन्सल्टंटचा खर्च नाकारला जाण्याचा संभव अधिक. नेटवर्कमध्ये असा सल्लागारच नसतो आणि बाहेरचा घेतला की बिल अंगावर येते. ऑक्टोबर २०१५मध्ये केंद्रीय खात्यांनी याबाबत लेखी खुलासा केला आहे. नेटवर्कमध्ये कुणी उपलब्ध नसेल तर बाहेरच्या सल्लागाराचा खर्चही प्लॅनने रुग्णावर भार न टाकता उचलायचा. ही मदत रुग्णालयात असेपर्यंतच, अशी अट घालता येत नाही. प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आतच पंप घ्यावा असेही म्हणता येत नाही, विमा चालू असेल तर स्तनपान चालू असेपर्यंत हा हक्क राहतो. तेव्हा फोनवरच्या ‘आमच्या प्लॅनमध्ये नाही’ या उत्तरावर थांबू नये. नकार लेखी मागावा, मग २०१५च्या खुलाशाचा उल्लेख करून एकशे ऐंशी दिवसांत अपील करावे. तेही फेटाळले आणि मुद्दा वैद्यकीय निर्णयाचा असेल तर चार महिन्यांत बाहेरच्या, स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येते. नोकरीची कंपनी स्वतःच्या तिजोरीतून क्लेम देणारी (सेल्फ-फंडेड) असेल तर तक्रार केंद्रीय श्रम खात्याकडे, नसेल तर राज्याच्या विमा खात्याकडे. यांपैकी कोणते लागू, हे कार्डावरून नेहमी कळत नाही. नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या एचआरला एका ओळीची मेल टाकून ‘आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?’ एवढे आधीच विचारून ठेवावे, सातव्या महिन्यात विचारले तरी चालेल.