स्टेरॉइड घेणाऱ्याच्या खिशातील दाखला : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये, संधिवाताने जवळजवळ जखडून गेलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचण्यात आले आणि थोड्याच दिवसांत ती आपल्या पायांनी हिंडूफिरू लागली, हे वर्तमान वैद्यकविश्वाने इतक्या हर्षाने ऐकले की १९५० साली फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु कॉर्टिसोन घेत असलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळून दगावल्याची आणि त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आकसून गेल्याचे आढळल्याची नोंदही त्यानंतर लवकरच, १९५२ साली, प्रसिद्ध झाली. वरदान आणि त्याची अट ही दोन्ही अशी लागोपाठ जगापुढे आली. मात्र दमा, संधिवात, ल्यूपस, पेम्फिगस, मूत्रपिंडाचे विकार, अवयवरोपण अशा नाना निमित्तांनी वरदान घरोघर पोहोचले, आणि अट पुष्कळदा डॉक्टरांच्या खोलीतच राहून गेली. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याने तशी नोंद असलेले कार्ड किंवा मनगटी कडे सदैव अंगावर बाळगावे, ही ती अट होय. तिच्याविषयी जे गैरसमज रूढ आहेत त्यांचा येथे क्रमाने परामर्श घेतला आहे.

गैरसमज : दोनचार दिवस गोळी चुकली, तर काय बिघडते?

वस्तुस्थिती : मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा संप्रेरक रोज निर्माण करतात, आणि ज्वर, अपघात, शस्त्रक्रिया यांसारख्या प्रसंगी मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या आज्ञेबरहुकूम त्याचे प्रमाण कितीतरी वाढवतात, रक्तदाब आणि रक्तातील साखर टिकून राहते ती बऱ्याच अंशी त्याच्या बळावर. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की ही आज्ञा थांबते आणि ग्रंथी निष्क्रिय होतात. घरी नळ आल्यावर उपसा बंद पडलेला आड जसा गाळाने भरतो आणि नळ कोरडा पडलेल्या दिवशी घागरभर पाणीही देऊ शकत नाही, तशी या ग्रंथींची अवस्था होते. म्हणून गोळी एकाएकी बंद पडणे, किंवा गोळी चालू असतानाही शरीरावर मोठा आघात होणे, या दोन्ही प्रसंगी प्राणावर बेतू शकते.

गैरसमज : माझी मात्रा अगदी अल्प आहे, शिवाय मी गोळ्या घेतच नाही, केवळ पंप ओढतो.

वस्तुस्थिती : प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची सुमारे ५ मिलिग्रॅमची दैनिक मात्रा शरीराच्या स्वाभाविक गरजेच्या आसपास असते, तेवढी किंवा त्याहून अधिक मात्रा ४ आठवडे वा त्यापेक्षा जास्त काळ चालली, की ग्रंथी मंदावल्या असाव्यात असे गृहीत धरूनच वागावे. डेक्सामेथासोन या अधिक तीव्र स्टेरॉइडच्या बाबतीत तर पाऊण मिलिग्रॅमही तितकेच प्रभावी ठरते. दम्याच्या पंपातील मोठी मात्रा, सांध्यांत वारंवार टोचलेले स्टेरॉइड आणि महिनोन्महिने चोळलेले तीव्र मलम यांचाही असाच परिणाम होऊ शकतो. त्यात क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध प्रेडनिसोलोनचा शरीरातून लवकर निचरा करते, म्हणजे गोळी तीच राहून तिचा प्रभाव घटतो. उलट एचआयव्हीवरील रिटोनाविरसारखी काही औषधे पंपातील स्टेरॉइड शरीरात साठवून ठेवतात. सबब कार्डावर स्टेरॉइडखेरीज चालू असलेल्या इतर औषधांचाही उल्लेख असावा.

गैरसमज : ताप आला की स्टेरॉइड बंद करावे; ते प्रतिकारशक्ती कमी करते.

वस्तुस्थिती : जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती स्टेरॉइडने क्षीण होते हे खरे, पण त्यावरून काढलेला हा निष्कर्ष घातक आहे. ज्वरात शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते, आणि ज्याच्या ग्रंथी ती भागवू शकत नाहीत त्याची मात्रा बहुधा वाढवावी लागते. किती वाढवावी आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी आगाऊ लिहून द्यावे आणि रुग्णाने ते जपून ठेवावे. वांत्या होत असतील तर गोळी पोटात राहत नाही. अशा वेळी वाट न पाहता इंजेक्शनासाठी रुग्णालय गाठणे हाच मार्ग होय.

गैरसमज : रुग्णालयात नेले म्हणजे डॉक्टरांना आपोआप कळेल.

वस्तुस्थिती : कॉर्टिसॉल अपुरे पडल्याने ओढवणाऱ्या या संकटाची लक्षणे म्हणजे कमालीचा थकवा, चक्कर, मळमळ, वांत्या, पोटदुखी, उतरलेला रक्तदाब आणि शेवटी बेशुद्धी, यांतले एकही असे नाही की जे साध्या जुलाब-वांत्यांत किंवा उन्हाच्या तडाख्यात दिसू नये. संधिवातासाठी वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेणारा एखादा वारकरी आषाढीच्या वाटेवर वांत्यांनी लोळागोळा होऊन पडला, तर दिंडीतले सोबती १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावतील, सलाइनही लावले जाईल. परंतु त्याच्या शरीरात उणीव कशाची आहे हे त्याच्या गोळ्यांची पट्टी गावी घरच्या फडताळात राहिली असेल तर कोण सांगणार? गळ्यात तुळशीच्या माळेसोबत नाव आणि औषध लिहिलेली एक धातूची चकती असेल, तर तीच डॉक्टरांना सांगेल की १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून किंवा स्नायूत तत्काळ टोचावे, त्यानंतर २४ तासांत आणखी २०० मिलिग्रॅमची तजवीज ठेवावी आणि सलाइन भराभर द्यावे. कॉर्टिसॉलच्या रक्ततपासणीचा निकाल येईपर्यंत हे इंजेक्शन खोळंबून ठेवू नये, असा वैद्यकातील संकेत आहे. कारण शंका खोटी ठरली तरी त्या एका मात्रेने अपाय होण्याचा संभव अत्यल्प, आणि खरी असता विलंब केला तर गेलेला प्राण परत येत नाही.

गैरसमज : फाइल घरी आहे, माहिती फोनमध्ये आहे, आणखी कार्ड कशाला?

वस्तुस्थिती : फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरून ठेवण्याची सोय आहे आणि ती अवश्य वापरावी, पण अपघातात फोन फुटतो, गर्दीत हरवतो, त्याची बॅटरी संपते. घरच्या फाइलीचा उपयोग ती उघडणारा माणूस जवळ असला तरच. इशारा अंगावरच असावा ही गरज ओळखून कॅलिफोर्नियातील टरलॉक गावी एका डॉक्टरने आणि त्याच्या पत्नीने, धनुर्वाताच्या प्रतिविषाने आपली मुलगी मरणाच्या दारी जाऊन आल्यानंतर, तिच्या हातात इशारा कोरलेले कडे घातले आणि १९५६ साली मेडिकअलर्ट ही संस्था स्थापन केली. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०२० साली स्टेरॉइड घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र आपत्कालीन कार्ड सुरू केले. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून असे कार्ड आपसूक हाती पडण्याची रीत नाही. म्हणून रुग्णाने ते डॉक्टरांकडून मागून घ्यावे.

गैरसमज : औषध बंद झाले, आता कार्ड फेकून द्यायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : ग्रंथी पूर्ववत होण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ लागतो. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने थांबवल्यावरही सुमारे वर्षभर कार्ड बाळगावे, आणि या मुदतीत शस्त्रक्रियेचा वा भूल देण्याचा प्रसंग आला तर पूर्वीच्या औषधाची कल्पना द्यावी.

गैरसमज : असे कडे घालणे म्हणजे आपल्या दुखण्याची जाहिरात.

वस्तुस्थिती : उपवर मुलीच्या मातेला किंवा नव्या नोकरीवर रुजू झालेल्या तरुणाला हा संकोच वाटतो, आणि त्याचा उपहास करणे योग्य नव्हे. ज्याला कडे नको त्याने पाकिटात दर्शनी भागी कार्ड ठेवावे, किंवा साखळीतली चकती कपड्याआड घालावी. मात्र जवळ काहीच नसणे, ही मुभा शरीर देत नाही.

कार्डाचा मसुदा साधा आहे : नाव, वय, रक्तगट, आजार, औषधाचे नाव, मात्रा आणि ते सुरू केल्याची तारीख, ‘अचानक बंद करू नये’ ही ताकीद, आणीबाणीतील हायड्रोकॉर्टिसोनची सूचना, डॉक्टरांचा व जवळच्या एका नातलगाचा दूरध्वनी. मजकूर मराठी आणि इंग्रजी, दोहोंत असावा, म्हणजे परप्रांतातही तो वाचला जाईल; आणि मात्रा बदलली की त्याच दिवशी कार्डही बदलावे. ज्याच्या लेखणीने हे औषध महिन्याहून अधिक काळासाठी लिहिले जाते, त्या प्रत्येक वैद्याने चिठ्ठीसोबत हे कार्डही स्वहस्ते भरून द्यावे, आणि त्याने दिले नाही तर रुग्णाने ते मागितल्याशिवाय त्याच्या दारातून उठू नये.