मावळ्याचा पोशाख भाड्याने घेताय? आधी रंग बघा

वाघोली : फेब्रुवारी उजाडला की पुणे-नगर रस्त्याच्या कडेच्या ड्रेपरीच्या दुकानांत शिवजयंतीची गर्दी सुरू होते. शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीची मिरवणूक, मंडळाचा चित्ररथ, सगळ्यांनाच मावळे लागतात. दुकानदार जो गठ्ठा पुढे टाकतो त्यात भडक केशरी, गर्द जांभळा, पोपटी असे अंगरखे असतात आणि कडेला सोनेरी लेस. कापड साटिनचे. पोरगं उन्हात तासभर चाललं की घामाने निथळतं ते वेगळंच.

हे रंग त्या काळी नव्हतेच. कोळशाच्या डांबरापासून पहिला रासायनिक जांभळा रंग लंडनमध्ये विल्यम पर्किनने 1856 साली काढला. रासायनिक लाल 1869 च्या सुमारास आला, तर कारखान्यातली नीळ 1897 पासून बाजारात आली. शिवरायांचा राज्याभिषेक 1674 चा आणि पेशवाई बुडाली 1818 ला. म्हणजे मराठ्यांच्या सगळ्या लढाया झाडाच्या मुळ्या, साली, फुले, लाख आणि माती यांनी रंगवलेल्या कपड्यांत झाल्या. ट्यूबलाइटखाली झगमगणारा एकही रंग त्यात बसत नाही.

वाघोलीकरांनी तर याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. वाघेश्वर मंदिराजवळ सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी आहे. शाहू महाराज आणि बाजीराव पेशव्यांच्या काळातला हा मोठा लढवय्या. तुळापूर आणि वढू बुद्रुकही हाकेच्या अंतरावर. गाव 2021 मध्ये महापालिकेत गेले आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले इथला इतिहास पहिल्यांदा मिरवणुकीतच बघतात. जे डोळ्यांना दिसते तेच डोक्यात बसते. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांनी आधीच बरेच काम करून ठेवलेले आहे.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या मावळ्यांना एकच गणवेश. मराठा घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार जिथे घोडाच घरचा आणायचा, तिथे पन्नास जणांच्या अंगावर एकाच ताग्यातला केशरी अंगरखा कुठून येणार? लाल डगल्यातली एकसारखी पलटण ही ईस्ट इंडिया कंपनीची पद्धत. तिथेही साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठाच्या जातीच्या मुळीने रंगलेला, विटकरीकडे झुकणारा असे आणि साहेबाचा महागड्या किड्याच्या रंगाने लालभडक केलेला. रंगावरून हुद्दा कळायचा.

आपल्याकडेही तसेच होते. साध्या शिपायाच्या अंगावर काय शोभेल, तर मुख्यतः पांढरे. पण आजच्या डिटर्जंटचे निळसर पांढरे नाही. कोऱ्या सुती कापडाचे मळकट, सायीसारखे पांढरे. जाडीभरडी खादी किंवा मांजरपाट घेतले तर जमून जाते. खांद्यावर घोंगडी, तीही मेंढीच्या लोकरीच्या मूळ काळ्या-करड्या रंगाची. तिला रंग लावायची गरजच नाही. डोईचे पागोटे किंवा कंबरेचा शेला मात्र रंगीत चालतो, आणि तिथे प्रत्येक गड्याचा वेगळा असला तरच खरे वाटते.

लाल हवा असेल तर आल किंवा मंजिष्ठाच्या मुळीचा, विटेच्या जवळ जाणारा. निळा म्हणजे निळीचा, दोन-चार धुण्यांनी उतरलेला. पुणे, नगर, सोलापूर भागात निळीचे काम करणारा निळारी समाजच होता, यावरून या रंगाला किती मागणी होती ते समजते. काळा हिरड्यात लोखंडाचा गंज मिसळून होतो. हिरव्यासाठी आधी पिवळा, मग त्यावर नीळ. म्हणून हिरवा कष्टाचा आणि महाग. तो सरदाराला द्यावा, शिपायाला नको.

भगव्याचा घोळ सगळ्यात मोठा आहे. भगवा म्हणजे संन्याशाच्या छाटीचा रंग. तो गेरूचा, मातीचा, तांबूस. दुकानातला केशरी त्याच्या जवळपासही जात नाही. आणि निशाण भगवे होते म्हणून सैनिकही नखशिखांत भगवा होता, असे होत नाही.

लग्नकार्यातला, दरबारी झळाळता रंग म्हणजे कुसुंबी. तो आपल्या करडईच्या फुलांचा. पूर्वी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्या. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. पाकळ्यांत पिवळा आणि लाल असे दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात निघून जातो. लाल काढायला खाराचे पाणी लागते आणि तो कापडावर बसवायला लिंबासारखे आंबट. मात्र हा रंग उन्हात टिकत नाही, त्यामुळे मोहिमेवरच्या माणसाला देऊ नये. फलटणच्या निंबकर संस्थेने नारी-6 हा बिनकाट्याचा वाण आणल्यापासून पाकळ्या वेचणे सोपे झाले आहे. पाकळ्या वाळल्यावर वेचल्या तर तेलाच्या बियांचेही नुकसान होत नाही.

मोठ्या हुद्द्याच्या पात्रांसाठी जुनी चित्रे बघावीत. मनुचीसाठी मीर मुहम्मदने काढलेले घोड्यावरच्या शिवरायांचे चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सवाई माधवरावांच्या दरबाराचे थॉमस डॅनियलचे 1805 चे मोठे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. दोन्ही इंटरनेटवर दिसतात. दरबारात पांढरे अंगरखे किती आहेत ते जरूर मोजा. एवढे ध्यानात ठेवावे की चित्रकार हिंगूळ, हरताळ असे खनिज रंग वापरायचा. कागदावरचा भडकपणा कापडावर जसाच्या तसा धरू नये.

शेले-पागोटी घरी रंगवणे अवघड नाही. एक किलो सुती कापड चांगले धुऊन आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावे आणि वाळवावे. मग 150 ते 200 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावे. काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठ आणावी, कापडाच्या निम्म्या ते सारख्या वजनाची. कुटून भिजवावी आणि मंद आचेवर तासभर कापड त्यात हलवत राहावे. भांडे स्टीलचे घ्यावे, लोखंडी कढईत रंग काळवंडतो. वाळवायचे सावलीत. साटिन बहुतेक पॉलिस्टर असते, त्यावर हा रंग चढतच नाही, तेव्हा जुना साठा रंगवायच्या भानगडीत पडू नये.

ज्या मंडळाला रंगवायला सवड नाही त्याने निदान कापड दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघावे. शेजारी एक वीट आणि घोंगडीचा तुकडा धरला, आणि कापड त्यांच्यापेक्षा ओरडायला लागले, तर ते परत गठ्ठ्यात टाकावे.