मुकुटाच्या नावाने चालणारा कारभार

इंग्लंडचा राजा हा नामधारी राज्यप्रमुख होय, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत एका ओळीत सांगितलेले असते. ओळ खोटी नाही. पण तेवढ्यावर विसंबणाऱ्याला त्या देशाची राज्यपद्धती कळत नाही. आम्ही इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या बाजूची मराठी मंडळी तर या विषयाकडे त्रयस्थपणे पाहूच शकत नाही. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या आश्रयाने आपली कुटुंबे या मुलखात रुजली. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि त्यांच्या राजेपणाची सरकारी मान्यता या दोन्ही गोष्टी संपल्या. भारताने हा प्रश्न एका दुरुस्तीत मिटविला. ज्या देशाकडून आपण संसदीय पद्धत घेतली, तो मात्र वारशाच्या हक्कांचा गुंता गेली शंभराहून अधिक वर्षे एकेक धागा ओढून सोडवीत बसला आहे.

प्रथम राजाचेच पाहू. संसदेने संमत केलेल्या विधेयकास राजाची संमती मिळाल्यावाचून कायदा होत नाही. ही संमती शेवटची नाकारली गेली ती १७०८ साली, राणी ॲनच्या कारकीर्दीत. त्यानंतर कोणाही राजाने वा राणीने ते धाडस केले नाही. तथापि, राजाचे अधिकार त्यामुळे नाहीसे झाले असे समजणे चुकीचे ठरेल. युद्ध पुकारणे, तह करणे, संसदेचे अधिवेशन संपविणे हे अधिकार आजही कायद्याने मुकुटाचेच आहेत. ते वापरतो मात्र पंतप्रधान, आणि आमच्या मते खरी मेख येथेच आहे.

२०१९ साली ती उघड झाली. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मुदत ३१ ऑक्टोबरला संपत होती आणि संसदेत वादंग माजले होते. अशा वेळी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद सुमारे पाच आठवडे बंद ठेवण्याचा सल्ला राणी एलिझाबेथ यांना दिला. २८ ऑगस्ट रोजी बालमोरल येथे प्रिव्ही कौन्सिलच्या बैठकीत राणीने तसा हुकूम दिला. (हीच ती प्रिव्ही कौन्सिल, जिच्याकडे १९४९ पर्यंत आपल्याकडील दाव्यांची अखेरची अपिले जात असत.) मंत्र्यांचा सल्ला राणीने मानावा हा संकेत, तेव्हा तिला नाही म्हणता येईना, आणि हुकूम तर राणीच्या नावाचा. अखेर २४ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने तो सल्ला बेकायदा ठरविला आणि संसद स्थगित झालीच नव्हती असा निर्णय दिला. वंशपरंपरेने आलेला अधिकार लोकनियुक्त माणसाच्या हाती पडला म्हणजे तो आपोआप लोकशाहीचा होतो, ही समजूत त्या दिवशी ढळली.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. राजाच्या अधिकारांना किंवा खासगी हितसंबंधांना एखादे विधेयक स्पर्श करीत असेल, तर त्यावर संसदेने विचार करावा यासाठी राजाची आगाऊ अनुमती घेतली जाते. ही वर सांगितलेल्या संमतीहून निराळी. राजवाड्याच्या मते हा केवळ औपचारिक भाग. परंतु राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीत एक हजाराहून अधिक कायद्यांचे मसुदे या वाटेने गेल्याचे ‘गार्डियन’ पत्राने २०२१ साली दाखवून दिले. राणीची खासगी संपत्ती लोकांपुढे येऊ नये म्हणून १९७३ साली तिच्या वकिलाने एका मसुद्यात बदल करविण्याची खटपट केल्याची कागदपत्रेही त्या पत्राने पुढे आणली.

जमीनजुमल्याचेही तसेच. १३३७ साली स्थापन झालेली कॉर्नवॉलची जहागीर युवराजाकडे असते, लँकेस्टरची राजाकडे. या जहागिरींना कंपन्यांवरचा कर लागू नाही. उत्पन्नावरील प्राप्तिकर १९९३ पासून स्वेच्छेने भरला जातो. कॉर्नवॉलमध्ये कोणी मृत्युपत्र न करता, वारस न ठेवता मरण पावला तर त्याची मालमत्ता त्या जहागिरीकडे जाते. त्यातील पैसा पुढे धर्मादाय कामांना दिला जातो, हे खरे. पण १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर व झाशी ही राज्ये औरस वारस नाही म्हणून खालसा झालेली ज्यांना ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकांना बेवारस मिळकतीची ही रीत वाचून थोडे हसू येईल.

आता उमरावांकडे वळू. टोनी बेन यांचे वडील विल्यम वेजवुड बेन हे मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी भारतमंत्री होते. पुढे त्यांना व्हायकाउंटची पदवी मिळाली. १९६० साली ते वारले आणि पदवी मुलाच्या गळ्यात पडली. उमरावास तेव्हा कॉमन्स सभेत बसता येत नसे, म्हणून टोनींची जागा गेली. १९६१ च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी पुन्हा त्यांनाच निवडले, तरी निवडणूक न्यायालयाने जागा पराभूत उमेदवारास दिली! अखेर १९६३ साली पदवी सोडण्याची मुभा देणारा कायदा झाला. गंमत अशी की, त्याच वर्षी अर्ल ऑफ ह्यूम पंतप्रधान झाले आणि समाजवादी बेन यांनी लढून मिळविलेल्या कायद्याने या हुजूर पक्षीय पुढाऱ्यानेही आपली पदवी टाकून कॉमन्स सभा गाठली.

१९९९ च्या कायद्याने लॉर्डांच्या सभागृहातून सहाशेहून अधिक वंशपरंपरागत सभासद गेले. तडजोड म्हणून ९२ राहिले. यांपैकी बहुतेकांची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक घेण्याची पद्धत पडली. २०१६ साली उदारमतवादी लोकशाहीवादी पक्षाच्या एका जागेसाठी सात उमेदवार उभे राहिले आणि मतदार होते तीन! तिन्ही मते व्हायकाउंट थर्सो यांना मिळाली. हे गृहस्थ १९९९ साली लॉर्डांच्या सभागृहातून बाहेर पडले होते, २००१ पासून २०१५ पर्यंत लोकांच्या मतांवर कॉमन्स सभेत होते, तेथे हरल्यावर पुन्हा वारशाच्या दाराने आत आले.

या ९२ जागांचा हक्क काढून घेणारे विधेयक मजूर पक्षाच्या सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडले. ते योग्यच. परंतु १९५८ च्या कायद्यापासून तहहयात उमराव नेमले जातात, त्यांच्या संख्येला कायद्याची मर्यादा नाही, आणि नेमणूक राजाच्या सहीने पण पंतप्रधानांच्या शिफारशीवरून होते. वारसदार सभागृहाबाहेर गेले तरी त्या खुर्च्यांवर नवे कोण बसवायचे, हा निर्णय पुन्हा त्याच एका हाताकडे येतो. त्याविषयी त्या विधेयकात एक शब्दही नव्हता.