बाळ जागं, घर जागं!

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी तान्हं बाळ आहे? हात वर करा बघू! आणि ते बाळ रात्री दोन वाजता सगळं घर डोक्यावर घेतं, असं किती जणांच्या घरी होतं? बघा, वर झालेला एकही हात खाली आला नाही!

आज मी तुम्हांला बाळाच्या झोपेची गोष्ट सांगणार आहे. आई-बाबांनाही जवळ बसवा. कारण या गोष्टीत थोडं तुमच्यासाठी आहे, थोडं त्यांच्यासाठी. आणि माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. ती आधी सांगते.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे द्राक्षबागा. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली, की घराघरांत एकच धांदल उडते. त्याच दिवसांतली ही गोष्ट. चौथीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी चक्क झोपली होती. पुस्तकावर डोकं ठेवून, गाढ! मी तिला उठवलं आणि तासभर उभं केलं. वर म्हटलं, "रात्री टीव्ही बघत बसतेस वाटतं?" ती काहीच बोलली नाही.

मधल्या सुट्टीत खिचडी खाताना तिची मैत्रीण म्हणाली, "बाई, तिच्याकडे बाळ आहे ना दोन महिन्यांचं. ते रात्रभर रडतं. मोटारीची लाईट रात्रीची असते, म्हणून तिचे पप्पा पाणी द्यायला बागेत जातात. आई दमते. मग हीच झोळी हलवत बसते."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! मी तिला जवळ बोलावलं. तेव्हा तिने हळूच विचारलं, "बाई, शेजारच्या काकू म्हणाल्या, सर्दीचं औषध अर्धं टोपण पाजा, बाळ गुपचूप झोपेल. आजी म्हणते, जायफळ जास्त उगाळू. आज रात्री देणार आहेत. देऊ द्यायचं का?"

मी म्हटलं, "नको. एक थेंबसुद्धा नको. संध्याकाळी मी येते तुझ्या घरी, आशाताईंना घेऊन."

बाळ रात्री का उठतं?

वाटेत आशाताईंनी मला एकेक गोष्ट समजावून सांगितली. पुढे मी स्वतःही बरंच वाचलं. ते सगळं ऐका.

नवं बाळ काही कमी झोपत नाही. दिवसरात्र मिळून ते १४ ते १७ तास झोपतं! पण तुकड्या-तुकड्यांनी. त्याचं पोट असतं इवलंसं. आईचं दूध पचायला हलकं, दोन-तीन तासांत ते पचून जातं. मग भूक लागली की बाळ उठणारच. पहिले काही महिने रात्री उठून दूध पिणं हा हट्ट नव्हे, ती त्याची गरज आहे.

दुसरं असं, की बाळाला दिवस कोणता नि रात्र कोणती हे ठाऊकच नसतं. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ असतं. त्याला किल्ली देतो तो उजेड. अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन नावाचं द्रव्य पाझरू लागतं आणि आपले डोळे जड होतात. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. बाळाचं घड्याळ मात्र जन्मतः सुरू झालेलं नसतं. ते नीट चालायला साधारण दोन-तीन महिने लागतात. आणि गंमत बघा, आईच्या रात्रीच्या दुधात हे मेलाटोनिन असतं! जणू आईच बाळाला दुधातून निरोप पाठवते, 'रात्र झाली बरं का!'

तिसरी गोष्ट तर फारच मजेची. १९५१ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात युजीन असेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या आणि त्याला झोपवलं. मुलगा गाढ झोपला. तरी मध्येच यंत्राची सुई जोरजोरात हलू लागली. जाऊन बघतात तर मुलगा झोपलेलाच, पण बंद पापण्यांआड डोळे भराभरा फिरताहेत! या झोपेचा शोध १९५३ साली जगाला कळला. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशीच असते. त्या वेळी ते हसतं, तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, हातपाय झाडतं. आपल्याला वाटतं, उठलं! आपण लगेच उचलतो आणि झोपलेलं बाळ खरोखरच जागं होतं. म्हणून बाळ जरासं कुरकुरलं, की आधी घटकाभर थांबून बघायचं. पुष्कळदा ते आपलं आपण पुन्हा झोपतं.

मुंबईची बाळागोळी

आता पुन्हा त्या औषधाकडे वळू. बाळाला गुंगी आणून झोपवायची युक्ती काही आजची नाही. तिची एक दुःखाची कहाणी आपल्याच मुंबईत घडलेली आहे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईत कापडाच्या गिरण्या धडधडत होत्या. हजारो बायका तिथे कामाला जात. दहा-दहा तास काम आणि घरी तान्हं मूल. त्याला बघणारं कोणी नाही, आणि कामावर गेलं नाही तर चूल पेटणार नाही. मग त्या माउल्या काय करत? बाळाला एक बारीकशी गोळी देत. तिला म्हणत बाळागोळी. तिच्यात असे अफू! १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा ही गोष्ट कितीतरी घरांत चालत असल्याचं त्यांना दिसलं. बाळ दिवसभर निपचित पडून राही. रडत नसे, पण दूधही मागत नसे. अशी बाळं रोडावत जात आणि काही तर दगावत.

मुलांनो, त्या आया वाईट होत्या का? मुळीच नाही. त्यांना पर्यायच नव्हता. म्हणूनच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, तो कायदा झाला आणि कारखान्यातल्या आईला बाळंतपणाच्या काही आठवड्यांत काम न करताही पैसे मिळू लागले. आज नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण आमच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून मजुरीला येणाऱ्या आईचं काय? तिच्या बाळाची झोळी आजही बांधावरच्या झाडाला असते. ही गोष्ट मोठ्यांनी विचारात घ्यायची आहे. बागेत औषधाची फवारणी चालू असेल तेव्हा ती झोळी तिथून दूर न्यायची, एवढं तरी प्रत्येक बागाईतदाराने बघायलाच हवं.

तर सांगायचं काय, सर्दीचं गुंगी आणणारं औषध काय किंवा उगाळलेलं जायफळ काय, बाळाच्या झोपेसाठी दोन्ही नकोत. एवढ्याशा जिवाचा श्वास त्याने मंदावू शकतो. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. गुटी नको, पाणीही नको. आणि मध तर पहिलं वर्ष होईपर्यंत चाटवायचा नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं द्यायचं.

आजीचं खरं आणि आशाताईंचंही खरं

आम्ही घरी पोचलो तेव्हा आजी जरा रागावल्याच. म्हणाल्या, "बाई, मी पाच पोरं वाढवली!" आशाताई हसून म्हणाल्या, "म्हणून तर तुमच्याकडूनच शिकायचंय, आजी. तुम्ही बाळाला तेल कसं लावता, दाखवा बरं." आजी खुलल्या. कोमट हातांनी त्यांनी बाळाचं अंग असं काही चोळलं, की ते मध्येच जांभया देऊ लागलं!

मग दोघींनी मिळून रात्रीचा क्रम ठरवला. संध्याकाळी हलकं मालीश, ओल्या फडक्याने पुसणं, कोरडं लंगोट, दूध, खांद्यावर घेऊन ढेकर आणि मग मंद उजेडात आजीची अंगाई. रोज हेच, याच क्रमाने. रोज तेच तेच झालं, की बाळालाही कळू लागतं, आता झोपायचंय. दिवसा मात्र खिडकी उघडी, घरात बोलणं-हसणं. रात्री दूध पाजताना मोठा दिवा लावायचा नाही, बाळाशी खेळायचं नाही आणि मोबाईल तर नाहीच नाही.

अंगाईला हसू नका हं! बाळाचं रडणं थांबावं म्हणून म्हणायचे मंत्र बाबिलोनच्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवले आहेत. त्याला साडेतीन हजारांहून अधिक वर्षं झाली! म्हणजे बाळं तेव्हाही रात्री रडत होती आणि घर तेव्हाही जागत होतं.

काही गोष्टी आजींनी सोडल्या, त्याही सांगते. बाळ झोपलं की झोळीतच रात्रभर ठेवायचं नाही. झोळीत बाळ दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोप लागली की सपाट, घट्ट गादीवर ठेवायचं, आणि तेही पाठीवर, उताणं. अमेरिकेत १९९४ पासून 'बाळाला पाठीवर झोपवा' असा प्रचार झाला, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आली. केवढी साधी गोष्ट! बाळाजवळ उशी नको, जाड गोधडी तोंडापर्यंत नको, मऊ खेळणी नकोत. मोहरीची उशीही नको. धुरी बंद, कारण धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो. डास असतील तर मच्छरदाणी लावावी. आपल्याकडे थंडी कडाक्याची, तेव्हा अंगात पुरेसे कपडे हवेत. पण कपड्यांचं गाठोडं करू नये. बाळाच्या मानेला हात लावून बघावा. घाम लागला तर एक कपडा कमी.

ताई-दादांचं काम

आता तुम्ही काय करायचं? एक युक्ती सांगते. जपानमधल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सोबत्यांनी २०२२ साली २१ बाळांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की रडणाऱ्या बाळाला कुशीत घेऊन पाच मिनिटं न थांबता चालावं. मग ते झोपलं, तरी लगेच खाली ठेवू नये. घेऊन पाच ते आठ मिनिटं शांत बसावं आणि मग अलगद ठेवावं. असं केलं तर ते उठण्याचा संभव कमी होतो. अंधारात चालण्याचं काम मोठ्यांचं. घड्याळ बघून "झाली पाच मिनिटं!" असं हळूच सांगायचं काम तुमचं!

आणखी एक, ही अगदी पक्की लक्षात ठेवा. बाळ कितीही रडलं, तुम्हांला कितीही राग आला, तरी त्याला गदागदा हलवायचं नाही. झोळीला जोरात झोके द्यायचे नाहीत. बाळाचा मेंदू फार नाजूक असतो. राग आला तर बाळाला गादीवर नीट ठेवायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यांत जास्त असतं. पुढे ते कमी होत जातं. हे दिवस जातात, बरं का!

पालकांनो, बाळाला ताप असेल, ते दूध ओढत नसेल, भराभरा श्वास घेत असेल, नेहमीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं रडत असेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर रात्र-दिवस न बघता दवाखाना गाठा. आशाताई बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत अनेकदा घरी येतात. त्यांना मोकळेपणाने विचारा. आणि घरातल्या मोठ्या मुलालाही झोप हवी, हे विसरू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. पाळी लावा, पण चौथीतल्या मुलीला रात्रपाळी देऊ नका!

पुढे काय झालं? जादू काही झाली नाही. बाळ त्या रात्रीही उठलं आणि दुसऱ्या रात्रीही उठलं. पण तिच्या पप्पांनी शेजारच्या बागाईतदाराशी बोलून पाण्याची पाळी वाटून घेतली, आणि मुलगी दुसऱ्या खोलीत झोपू लागली. महिनाभराने ती म्हणाली, "बाई, काल बाळ सलग चार तास झोपलं! आजी तर उठून बघून आली, श्वास चालू आहे ना म्हणून!"

सगळा वर्ग हसला. मग मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "त्या दिवशी तुला उभं केलं, ते माझं चुकलं." ती लाजली आणि पुस्तक उघडून बसली.

तेव्हापासून वर्गात कोणी पेंगताना दिसलं, की मी आधी एकच प्रश्न विचारते, "काय रे, घरी सगळं ठीक आहे ना?" तुमच्या शेजारी बाकावर कोणी पेंगत असेल, तर तुम्हीही विचाराल ना?