बेहालाचे मंडप आणि फोनचा डोळा

कोलकात्याच्या दक्षिणेस बेहाला नावाचा दाट वस्तीचा भाग आहे. शारदीय दुर्गापूजेच्या रात्री तेथील गल्ल्यांतून माणसांचे लोंढे वाहत असतात. बांबू, ताग, वेत, माती अशा साध्या साहित्यातून कारागिरांनी महिनोन्‌महिने खपून उभारलेले मंडप हे त्या गर्दीचे आकर्षण. आपल्याकडील गणेशोत्सवाच्या आरासीप्रमाणे ही कलाही अल्पायुषी. विसर्जन झाले की बांबू सुटतात आणि मागे उरतात ती छायाचित्रे. ती आता बहुतांशी फोननेच काढली जातात. तेव्हा अमुक फोनचा कॅमेरा उत्तम असे जे म्हटले जाते ते कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न केवळ गिऱ्हाइकाचा राहत नाही.

ही कसोटी प्रथम प्रयोगशाळेत लागते. फ्रान्समधील डीएक्सओमार्क ही संस्था २०१२ पासून फोनच्या कॅमेऱ्यांना गुण देत आली आहे. फोन तिवईवर पक्का बसवायचा, समोर तक्ता ठेवायचा आणि प्रकाश पायरीपायरीने उतरवीत जवळजवळ अंधारापर्यंत न्यावयाचा, अशी ही पद्धत. यांतील दोन तक्ते विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला रंगांचा. १९७६ साली सिद्ध झालेल्या या तक्त्यावर २४ चौकोन असून त्यांतील पहिले दोन मनुष्याच्या त्वचेचे, एक सावळ्या व एक गोऱ्या. (बेहालाच्या रांगेतील यच्चयावत चेहऱ्यांचे प्रतिनिधित्व या दोन चौकोनांनी करावयाचे!) दुसऱ्या तक्त्यावर गळून एकमेकांवर पसरलेल्या पानांप्रमाणे लहानमोठी असंख्य वर्तुळे असतात.

या दुसऱ्या तक्त्याची गरज फोनच्याच चातुर्यामुळे निर्माण झाली. फोन पातळ, म्हणून त्यातील प्रकाशग्राही पटलही लहान. काही उंची फोनांत ‘एक इंची’ पटल आले खरे, परंतु ते नावापुरते. त्याचा कर्ण सुमारे १६ मिलिमीटरच भरतो. २०० मेगापिक्सेलची जाहिरात होते, आणि अंधारात मात्र सोळा-सोळा बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र हाती येते. अपुऱ्या प्रकाशाची भरपाई करण्यासाठी फोन एकामागून एक अनेक चित्रे घेतो, ती जुळवून एक करतो, आणि तरीही उरलेला रवाळपणा पुसून काढतो. या पुसण्यात तागाचा धागाही जातो. पूर्वी ठळक रेघांच्या तक्त्यावरून स्पष्टता मोजीत. फोन रेघांच्या कडा कृत्रिमरीत्या धारदार करून त्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होई. विस्कळीत वर्तुळांचा सूक्ष्म पोत राखणे त्याला तितके सोपे जात नाही.

तथापि तिवईवरचा फोन आणि रेटारेटीत उंचावलेल्या हातातला फोन यांत अंतर आहे. मंडपात दिवे उघडझाप करीत असतात, माणसे हलत असतात, धुनुचीचा धूर पसरलेला असतो. एकाच चौकटीत झगमगते तोरण आणि काळोखातला चेहरा दोन्ही सांभाळावे लागतात. फोन चेहरा उजळवितो. पाहणाऱ्याला ते आवडते. पण मूळची सावळी कांती आणि कलावंताने हेतुतः राखलेला अंधार दोन्ही त्यात हरवतात.

२०२० च्या महामारीत हा प्रश्न विशेष तीव्र झाला. त्या वर्षी बेहालातील बरिशा क्लबने दुर्गेच्या जागी उघडे मूल कडेवर घेतलेली स्थलांतरित श्रमिक माता उभी केली. संकल्पना रिंटू दास यांची, शिल्प पल्लव भौमिक यांचे. ऑक्टोबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने मंडपांत दर्शकांना मज्जाव केला; त्यामुळे जगाने ती माता पाहिली ती छायाचित्रांतूनच. अशा मूर्तीच्या मुखावरील शीण ‘डाग’ समजून गुळगुळीत करणारे यंत्र किती गुणांचे?

गुणांचा एकत्रित आकडा याचे उत्तर देत नाही. तो शंभरांपैकी असतो हाही गैरसमजच. २०१८ मध्येच त्याने शंभरी ओलांडली. अनेक घटकांची गोळाबेरीज होताना रात्रीतली उणीव दिवसाच्या चित्रांनी भरून निघू शकते. म्हणून दोन फोनांची तुलना करावयाची तर एकाच जागेवरून, एकाच क्षणी, फ्लॅश न वापरता चित्रे घ्यावीत, कोणते कोणाचे हे झाकून ठेवावे, आणि तोरणाकडे न पाहता मूर्तीच्या गळ्याखालची सावली मोठी करून पाहावी. जमल्यास मूर्ती समोर असतानाच.