वैमानिकाची झोप आणि कंपनीचा हिशेब

विमानात मी अद्याप बसलेली नाही. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मीच पहिली. तेव्हा विमान म्हणजे आमच्या लेखी आभाळात उमटणारी पांढरी रेघ. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमानसेवा सुरू झाली, तेव्हा गावच्या पारावर चर्चा झाली ती तिकीट किती पडते एवढीच. अशा मुलीने विमान कंपन्यांवर लेख लिहावा, ह्याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये जे घडले ते वर्तमानपत्रात वाचताना माझ्या डोळ्यांपुढे विमानतळ आला नाही. उसाचा ट्रॅक्टर आला. तो का आला, हे शेवटी सांगते.

प्रथम घडले काय ते पाहू. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी नेणारी इंडिगो ही आपल्या देशातील सर्वांत मोठी विमान कंपनी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची विमाने एकाएकी रद्द होऊ लागली. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, सगळीकडे तीच कथा. ३ ते ५ डिसेंबर ह्या तीनच दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उशिरा सुटली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकून पडले. कोणाचे लग्न हुकले, कोणाची परीक्षा. विमानतळांवर सामानाचे डोंगर साचले. दुसऱ्या कंपन्यांचे दर इतके भडकले की सरकारला भाड्याची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागली.

ह्या दिवसांत वादळ नव्हते की संप नव्हता. मग विमाने थांबली कशाने? ह्याचे उत्तर एका नियमात आहे आणि तो नियम झोपेचा आहे.

वैमानिकाने किती तास काम करावे आणि किती विश्रांती घ्यावी, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवून देते. जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने हे नियम बदलले. पूर्वी आठवड्यातून सलग ३६ तास विश्रांती असे, ती ४८ तास केली. पूर्वी रात्रीच्या कामात वैमानिकाला सहा वेळा विमान उतरवता येत असे, ते दोनच वेळा केले. ‘रात्र’ पहाटे पाच वाजता संपे, ती सहापर्यंत वाढवली. पहाटेच्या वेळी माणसाचे शरीर झोप मागते आणि अशा वेळी चुका अधिक होतात, हे ह्यामागचे कारण. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरच्या विमानतळावर, पुण्याला विमान घेऊन निघालेला एक वैमानिक दारातच कोसळला आणि दगावला. त्याचा मृत्यू थकव्यानेच झाला असे म्हणता येणार नाही. मात्र वैमानिकांच्या थकव्याची चर्चा त्यानंतर अधिक जोराने होऊ लागली.

नवे नियम जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, पण ते लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. म्हणजे कंपन्यांच्या हाती तयारीला दीड वर्षाहून अधिक अवधी होता.

आता हिशेब सोपा आहे. प्रत्येकाची विश्रांती वाढली की तेवढ्याच फेऱ्यांना अधिक माणसे लागणार. अधिक माणसे म्हणजे अधिक पगार. विमान जमिनीवर उभे राहिले तर तोटा आणि वैमानिक घरी बसला तरी तोटा, अशी ह्या धंद्याची रीत. त्यामुळे हाताशी राखीव माणूस ठेवणे हा व्यर्थ खर्च वाटू लागतो. महासंचालनालयाच्या चौकशीतही हेच निघाले, की माणसे आणि विमाने ह्यांचा शेवटच्या थेंबापर्यंत वापर करण्यावर भर होता आणि नव्या नियमांची तयारी अपुरी होती.

एक विमान बंद पडले की दहा का बंद पडतात, हे आपल्याला एस.टी.वरून चटकन कळेल. करमाळ्याहून गेलेली गाडी परत आली तरच तिची पुढची फेरी सुटते. विमानाचेही तसेच. एकच विमान दिवसभरात चार-सहा गावे करते. मधल्या एखाद्या ठिकाणी वैमानिकाचे तास भरले आणि बदली माणूस नसला, की पुढची सगळी गावे खोळंबतात.

अशा वेळी प्रवाशाचा राग निघतो तो समोरच्या खिडकीवर. माझा मामेभाऊ पुण्याच्या विमानतळावर ठेकेदाराकडे सामान चढवण्याचे काम करतो. तो म्हणतो, “विमान लेट झालं की लोक काउंटरवरच्या पोरीला बोलतात. तिला काय ठाऊक असतं? तिला तरी कोण सांगतं?” ज्यांनी माणसे कमी ठेवली ते तेथे नसतात. असते ती आपल्यासारख्याच घरातली, विशी-बाविशीची मुलगी.

धंद्याच्या दृष्टीने परिणाम काय झाला? पैसे वाचवण्यासाठी जे केले तेच महाग पडले. ७ डिसेंबरपर्यंतच कंपनीला प्रवाशांचे ६१० कोटी रुपये परत करावे लागले. सरकारने तिच्या फेऱ्यांत दहा टक्के कपात केली. जानेवारी २०२६ मध्ये २२ कोटी २० लाखांचा दंड झाला. परंतु सर्वांत मोठी खोच निराळीच आहे. गोंधळ आवरावा म्हणून कंपनीला रात्रीच्या नियमातून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. म्हणजे प्रवाशांचे हाल झाले, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा वैमानिकाचीच झोप लांबणीवर पडली!

कर्मचारी आणि प्रवासी ह्यांची गाठ किती घट्ट असते, हे मुंबईच्या जेट एअरवेजनेही दाखवले आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने सुमारे १,९०० जणांना एका झटक्यात घरी बसवले आणि गणवेशातली मुलेमुली रस्त्यावर आल्यावर लगेच परत घेतले. पुढे कर्ज वाढत गेले, पगार थकले आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेले तिचे विमान शेवटचे ठरले. जेट बुडाली ती मुख्यतः कर्जाने, हे खरे. पण बुडताना प्रथम थकला तो पगार, आणि पाठोपाठ अडकले ते प्रवाशांच्या तिकिटाचे पैसे.

आता ट्रॅक्टरची गोष्ट. माझे अण्णा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. गळीत हंगामात दिवसभर फडावर ट्रॉल्या भरायच्या आणि रात्रभर कारखान्यावर नंबर लागण्याची वाट पाहायची. पैसे खेपेवर, म्हणून झोपेतून खेप काढायची. मागच्या हंगामात एका पहाटे अण्णांचा डोळा लागला आणि ट्रॅक्टर कडेच्या चारीत उतरला. अण्णा खरचटण्यावर वाचले. ट्रॉली उलटली, ऊस रस्त्यावर पसरला, चार खेपा बुडाल्या. दुरुस्तीला जे गेले, त्यात एक जादा चालक महिनाभर ठेवता आला असता. मालक मनाने वाईट नाही. त्याने हा हिशेब कधी मांडला नव्हता, एवढेच.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण श्रम हा उत्पादनाचा घटक म्हणून शिकतो. त्या श्रमाला झोप लागते, हे मात्र परीक्षेत कोणी विचारत नाही. प्रवासी तिकीट काढतो तेव्हा तो वैमानिकाची झालेली झोपही विकत घेत असतो. ती त्याला न देणे म्हणजे मापात मारणे होय.

वैमानिकासाठी निदान ४८ तासांचा नियम झाला. तो पाळला जावा म्हणून न्यायालयात जाणारी संघटना आहे. अण्णांसाठी नियम एकच आहे: पहाटे वस्तीच्या वळणावर ट्रॅक्टरचा आवाज येईपर्यंत आई जागी असते.