ठसका न लागणारा धूर

फोडणीतली मिरची जरा जास्त जळली की घरातल्या सगळ्यांनाच ठसका लागतो. डोळ्यांत पाणी येते, आपण खिडकीकडे धावतो. त्या क्षणी ठसक्याचा राग येतो खरा. परंतु तो आपल्या फुप्फुसांचा पहारेकरी आहे. श्वासावाटे नको ते आत शिरू लागले की घशातले मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात आणि छातीचे स्नायू जोराने हवा बाहेर फेकतात.

चोरून ओढलेल्या पहिल्या बिडी-सिगारेटच्या वेळी हाच पहारेकरी वाट अडवतो. खोकून बेजार झालेली कितीतरी मुले पहिल्या झुरक्यावरच थांबली असतील. या पहारेकऱ्याला चुकवून आत शिरणारे एक उपकरण आता निघाले आहे. त्याचे नाव इलेक्ट्रॉनिक सिगारेट, म्हणजेच 'व्हेप'. विद्यार्थी मित्रहो, आज त्यामागचे विज्ञान समजून घेऊ. लेखाचा शेवटचा भाग पालकांसाठी आहे. तो त्यांना जरूर वाचायला द्या.

उपकरण चालते कसे?

कंदिलाची वात रॉकेल वर ओढून घेते, तशी या उपकरणातली कापसाची वात आतला द्रव शोषून घेते. वातीभोवती धातूच्या तारेचे वेटोळे असते. झुरका घेतला की छोट्या बॅटरीतून वीज वाहते, तार तापते आणि द्रवाची वाफ होते. या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फळांचे किंवा मिठाईचे स्वाद आणि बहुधा निकोटिन असते.

'ही तर नुसती पाण्याची वाफ!' असे मुले सांगतात. ते खरे नाही. हवेत येताच ही वाफ थंड होते आणि तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. तेच थेंब धुरासारखे दिसतात आणि फुप्फुसांत खोलवर जातात. द्रव फार तापला तर त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. निकेल, क्रोमियम, शिसे यांचे अंशही या थेंबांत आढळले आहेत.

होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने 2003 साली आजच्या पद्धतीची ई-सिगारेट बनवली. तो स्वतः धूम्रपान करणारा होता आणि सिगारेटच्या धुरातून सुटका व्हावी हा त्याचा हेतू होता. तंबाखू जळत नसल्यामुळे हिच्यात सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी विषारी द्रव्ये असतात हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या मुलाने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याच्यासाठी तुलना सिगारेटच्या धुराशी नाही, स्वच्छ हवेशी करायला हवी.

आम्ल, आम्लारी आणि ठसका

कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो, हे तुम्ही पाहिले असेल. साबण आम्लारीधर्मी आहे. लिंबातले आम्ल त्याचा गुण मारते. निकोटिन हेही आम्लारीधर्मी आहे. तंबाखूचे झाड ते किडींपासून आपले रक्षण करण्यासाठी बनवते. आम्लारीधर्मी निकोटिन घशाला झोंबते, त्यामुळे सुरुवातीच्या ई-सिगारेटींत त्याचे प्रमाण फार वाढवता येत नसे.

2015 साली अमेरिकेत 'जूल' नावाचे उपकरण बाजारात आले. त्यातील निकोटिनमध्ये बेन्झॉइक आम्ल मिसळले होते. सरबते टिकवण्यासाठी वापरतात तेच हे आम्ल. आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने क्षार तयार होतो. झोंबणे कमी झाले, निकोटिन मात्र होते तेवढेच राहिले. आता ते भरपूर घालता येऊ लागले. जूलच्या एका छोट्या कुपीत सुमारे 40 मिलिग्रॅम निकोटिन असे. कंपनीच्याच म्हणण्यानुसार ते सिगारेटच्या एका पाकिटाच्या बरोबरीचे होते.

परिणाम लवकरच दिसला. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत ई-सिगारेट ओढणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्यांचे प्रमाण 2017 साली 11.7 टक्के होते. 2019 साली ते 27.5 टक्के झाले. पुढे निर्बंध आले, शाळांतून जागृती झाली आणि 2024 साली हा आकडा 7.8 टक्क्यांवर उतरला. म्हणजे ही लाट ओसरू शकते.

मेंदूत काय घडते?

झुरक्यानंतर काही सेकंदांतच निकोटिन मेंदूत पोहोचते. तेथे डोपामिन हे रसायन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. मग चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, हात पुन्हा खिशाकडे जातो. मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणूनच कोवळ्या वयात हे व्यसन चटकन जडते.

पालकांसाठी

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तरीही ती चोरट्या मार्गाने येते. ती पेनसारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसते. धुराचा वास नसल्याने घरात पत्ता लागत नाही. दप्तराला विनाकारण येणारा फळांचा गोड वास, वारंवार कोरडा पडणारा घसा, नवी चिडचिड यांकडे लक्ष असू द्यावे. मात्र या खुणांना दुसरी कारणेही असू शकतात. तेव्हा आधी विचारावे, आरोप करू नये.

मुलाने कबुली दिलीच, तर मारझोड करू नका. भीतीने मूल सवय सोडत नाही, ती लपवायला शिकते. निकोटिन सुटताना होणारा त्रास खरा असतो. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवाही आहे. द्रवाची बाटली घरात सापडली तर ती लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका; ते पोटात गेल्यास विषबाधा होते.

आणि विद्यार्थी मित्रहो, हळद, साबण आणि लिंबू यांचा प्रयोग आज घरी आईवडिलांना करून दाखवा. डाग पिवळा झाला म्हणून साबण कपड्यातून गेलेला नसतो, हे त्यांना सांगा. ठसका लागला नाही म्हणून निकोटिनही कुठे गेलेले नसते.